तिसरा दगड

वाशी, नवी मुंबई
२८ ऑगस्ट २०२५

रागिणीताई,

नमस्कार. बाबांनाही सांग. आपल्या घरी हातानं लिहिलेलं पत्र येऊन किती वर्षं झाली कोण जाणे, म्हणून पाकीट पाहून घाबरू नकोस. माझा मोबाईल पाण्यात पडून बंद झाला आहे. नवा घेईपर्यंत ट्रकवाल्या देवीदासच्या हाती पत्र देत जाईन. तो अंजनगावची केळी घेऊन आठवड्यातून एकदा इथल्या मार्केटला येतो आणि जाताना भातकुलीत घरी थांबतोच. उत्तर त्याच्याच हाती दे.

मी बरा आहे. गणपतीचे दिवस, त्यामुळे हॉटेलांना भाजी दुप्पट लागते. सकाळी मार्केटमध्ये पिकअप भरायची आणि दहाच्या आत दादर, बांद्रा, अंधेरी उरकून मोकळं व्हायचं. तू विचारायचीस ना, एवढ्या मोठ्या शहरात तुला रस्ते सापडतात कसे. सापडणं सोपं आहे ताई, डोक्यावर निळ्या पाट्याच पाट्या आहेत. कठीण आहे ते परत फिरणं. आपल्याकडे वळण चुकलं तर गाडी बाभळीखाली घालायची, मागे घ्यायची, झालं. इथे रस्त्यावर पूल, पुलावर दुसरा पूल आणि त्याच्याही वर मेट्रो. एकदा वर चढलं की तो पूल जिथे उतरवील तिथेच उतरायचं. मध्ये थांबायला जागा नाही, आणि थांबलं तर मागच्यांचे हॉर्न उभं राहू देत नाहीत. समुद्रातून काढलेला रस्ता आहे, त्यावर मालाच्या गाड्यांना बंदी. मी तो वरळीहून नुसता पाहतो. आणि प्रत्येक खांबावर कॅमेरा. आपण कुठे होतो, किती वाजता होतो, सगळं कुठेतरी जमा होत असेल.

हल्ली मी वाशीच्या खाडीपुलावरून शहरात जात नाही. ऐरोलीच्या पुलानं मुलुंडला निघतो, मग पवईवरून अंधेरी आणि तिथून उलटा खाली दादरला. लांब पडतं, पण तो रस्ता बरा वाटतो.

एक सहज विचारतो. बाबांनी गाडीत दिलेले दगड दोन होते की तीन? त्यांनी विचारलंच तर सांग, गाडीतच आहेत.

देवीदासला फार खोदून विचारू नकोस.

तुझा
अंकुर

•

भातकुली
२ सप्टेंबर २०२५

अंकुरराव,

पत्र पोचलं. देवीदासनं ते शर्टाच्या आतून असं काढलं की मला वाटलं कोर्टाचं समन्स आहे.

आता खरं बोल. देवीदास म्हणतो, "ताई, त्याच्या थैलीत चांगला सुका मोबाईल हाये. पन तो चालूच नाई करून राहिला." शिवाय देवीदासच्या खिशातही एक मोबाईल असतोच, त्यावरून दोन शब्द बोलता आले असते. मग पत्र कशाला? ज्याला समोरच्याचा आवाज ऐकायचा नसतो किंवा स्वतःचा ऐकवायचा नसतो, तो पत्र लिहितो. कोण आहे ती? आणि तिचा भाऊ तुला शोधत असेल तर कितीसा दांडगा आहे तेवढं कळव. मी इकडे कोणाला बोलणार नाही. मी स्वतः दोन स्थळं परत पाठवून फुलशेती करत बसलेली बाई, मी तुला काय शिकवणार.

दगड तीन होते. विसरलास कसा? आपल्या धुऱ्यावरचे, वावराच्या बांधावरचे काळे दगड, बाबांनी चुन्यात बुडवलेले, आणि प्रत्येकावर लाल ऑइलपेंटच्या तीन उभ्या रेघा. अमरावतीच्या फूलबाजारात आपल्या टोपल्या ओळखू याव्यात म्हणून जी खूण घालतो तीच. गाडी बंद पडली की दोन चाकाला ओट म्हणून, गाडी घरंगळू नये यासाठी, आणि तिसरा तीस पावलं मागे, येणाऱ्याला आधी दिसावा म्हणून. निघताना मोजून उचलायचे. लहानपणापासून हा धडा आपण पाढ्यांसारखा ऐकलाय. जगातले सगळे बाप फोनवर "जेवला का" विचारतात, आपले बाप विचारतात, "दगड गाडीत हायेत ना?"

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचा चष्मा अजून आलेला नाही, म्हणून तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. जेवता जेवता. "दोन होते की तीन" इथे आले आणि त्यांनी भाकरीचा घास ताटात परत ठेवला. "पुन्हा वाच," म्हणाले. मी पुन्हा वाचलं. मग उठले, हात धुतला आणि झेंडूच्या वावरात जाऊन बांधावर बसले, ऊन चढेपर्यंत. शुगर वाढली असेल. उद्या तपासून आणते.

नीट जेव. आणि तिचं नाव कळव.

ताई

•

वाशी
७ सप्टेंबर २०२५

ताई,

हे पत्र वाचून दाखवू नकोस. एकटी असशील तेव्हा वाच आणि चुलीत घाल.

मुलगी वगैरे काही नाही. असती तर किती बरं झालं असतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे एकवीस ऑगस्टला, सकाळी सातच्या सुमारास मी चेंबूरच्या अलीकडच्या एका उड्डाणपुलावर होतो. नाव लिहीत नाही. मागचं टायर फुटलं. पाऊस बारीक होता. मी बाबांनी शिकवलं तसंच केलं, दोन दगड चाकाला आणि तिसरा तीस पावलं मागे. ती तीस पावलं चालताना बाजूनं गाड्या इतक्या जवळून जात होत्या की शर्ट उडत होता. चाक बदलायला वीस मिनिटं लागली. सगळं शहर माझ्या एकट्यामुळे अडलं आहे असे हॉर्न वाजत होते. एक पोलीस मोटारसायकलवरून गेला, हातानं "निघ, निघ" म्हणाला. मी चाकाचे दोन दगड उचलले, आत टाकले आणि निघालो.

पूल उतरता उतरता आठवलं.

ताई, तिथून परत फिरता येत नाही. उतरल्यावर सिग्नल, मग दुसरा पूल, त्याच्याखालून यू टर्न, मग उलट्या बाजूनं मागे आणि पुन्हा चढ. दीड किलोमीटर मागच्या दगडाकडे पोचायला मला चाळीस मिनिटं लागली. सगळा वेळ मी मोठ्यानं म्हणत होतो, थांबा, थांबा. कोणाला म्हणत होतो माहीत नाही.

पुन्हा वर चढलो तेव्हा तिथे गर्दी होती. एक स्कूटर आडवी, स्वाराची पाठीवर अडकवायची मोठी पिशवी फाटून पाकिटं सगळीकडे. एक माणूस पालथा पडलेला, एक पाय भलत्याच दिशेला. दगड दिसला नाही. लोक एक लेन मोकळी करून गाड्यांना पुढे जायला सांगत होते. मी काच खाली केली. एकजण ओरडला, "देखते क्या हो, आगे बढ़ो." आणि मी पुढे गेलो. ताई, मी थांबलो नाही. थांबायला जागा नव्हती असं मी स्वतःला रोज सांगतो. जागा होती, गर्दीतल्या दोघांनी बाइक लावल्याच होत्या.

त्या दिवसापासून मोबाईल बंद आहे. मोबाईल कुठे होता यावरून पोलीस काढतात म्हणे. त्या दगडावर आपली खूण आहे. खांबांवर कॅमेरे आहेत. मागे गाडी आली की बाजूला होऊन तिला पुढे जाऊ देतो. त्या माणसाचं काय झालं मला माहीत नाही. विचारायला गेलो तर विचारणारा कोण म्हणून धरतील. कालपासून जेवण उलटून पडतंय.

बाबांना कळू देऊ नकोस. त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती.

अंकुर

•

भातकुली
११ सप्टेंबर २०२५

अंकुर, राजा,

मी मागच्या पत्रात थट्टा केली त्याची मला लाज वाटते.

पत्र वाचलं तेव्हापासून मीसुद्धा भ्याले आहे. गल्लीत मोटारसायकल वाजली की हातातलं काम सुटतं. काल दुपारी दोन पोलीस दारात उभे. एकानं विचारलं, "नत्थुजींचं घर हेच ना?" माझ्या तोंडून निघालं, "अंकुर इथं नाई राहत, दोन वर्सं झाली, आमचा काई संबंध नाई." ते एकमेकांकडे पाहायला लागले. ते आले होते नवरात्राच्या मंडळासाठी, बाबा मंडळाचे अध्यक्ष आहेत ना, मिरवणुकीचा रस्ता ठरवायला. मी आत जाऊन पाणी आणते म्हणाले आणि न्हाणीत जाऊन उभी राहिले. पाणी न देताच ते गेले. एका वाक्यात मी तुला परका केलं, अंकुर. इतकं सोपं असतं ते, मला माहीत नव्हतं.

तू घरी ये. गाडी तिथे कोणाच्या तरी आवारात लाव आणि देवीदासच्या ट्रकमध्ये बस. आता समृद्धीवरून एका दिवसात घरी येशील. इथे तुला कोण विचारणार? वावरात काम कर, फुलं तोड, दोन वर्षं शहराचं नाव काढू नकोस. तो माणूस बरा झाला असेल. लोक होतेच तिथे, त्यांनी दवाखान्यात नेलं असेल. तू थांबला असतास तर लोकांनी तुलाच मारलं असतं.

पत्र जाळवलं नाही. तुझं अक्षर होतं. झेंडूच्या बियांच्या डब्यात खाली ठेवलं आहे, लावण झाली, आता तो डबा पुढच्या वर्षीपर्यंत कोणी उघडत नाही.

बाबांची शुगर ठीक निघाली. जेवताना दोनदा विचारलं, "पत्र आलं का त्याचं?" मी नाही म्हटलं.

ये.

ताई

•

वाशी
१६ सप्टेंबर २०२५

ताई,

तो मेला.

काल ऐरोलीच्या पुलाजवळ कंटेनर उलटला आणि पोलिसांनी सगळी वाहतूक वाशीकडे वळवली. मी हात जोडून सांगितलं, साहेब, मला इकडूनच जाऊ द्या. ते म्हणाले, "वेडा आहेस का, सगळे तिकडूनच चाललेत." तीन आठवडे मी या शहराला वळसा घालत होतो, आणि एका उलटलेल्या कंटेनरनं मला धरून तिथेच आणून सोडलं. इथले रस्ते वेगळे दिसतात, पण ते सगळे एकमेकांत गुंतलेले आहेत. एक अडला की दुसरा तुम्हाला ओढतो.

पुलावर गाड्या मुंगीच्या चालीनं चालल्या होत्या. नजर समोर ठेवायची असं ठरवलं होतं. तरी पाहिलं. त्या जागी कठड्याशी झेंडूची माळ होती, ताई. एक जुनी वाळलेली आणि एक ताजी. मधल्या गाड्यांमुळे खालचं काही दिसलं नाही, पण माळा दिसल्या. अपघातात माणूस जातो तिथे घरचे माळ बांधतात. मी फुलवाल्याचा मुलगा, मला ताजी माळ कळते. कोणीतरी दर दोन-तीन दिवसांनी येऊन बदलत असणार. बायको असेल, आई असेल.

मी आता माणूस मारलेला माणूस आहे.

तुझं ऐकतो. देवीदासची दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खेप आहे, तिच्यात बसतो. गाडी मार्केटच्या मागे सोडून देईन. बाबांना सांग, झेंडूच्या तोडणीला येतोय.

अंकुर

•

भातकुली
२४ सप्टेंबर २०२५

अंकुर,

बाबांना सगळं कळलं आहे. ओरडू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.

त्यांचा चष्मा शनिवारी आला. रविवारी मी बाजारातून आले तर ते ओसरीत बसलेले, बियांचा डबा समोर, बिया फडक्यावर ओतलेल्या आणि तुझी दोन्ही पत्रं मांडीवर. मी दारातच थांबले. मला वाटलं आता हात उगारतील. ते म्हणाले, "बस पोरी. तुले एक गोठ सांगायची हाये. थे मी तुमच्या मायलेही नाई सांगतली."

तुला भगवंतकाका आठवतात ना, शेजारच्या वाडीतले, कुबडी घेऊन चालणारे. दर दसऱ्याला बाबा बाजारात एक फूल जाण्याआधी पहिली टोपली त्यांच्या दारी घेऊन जातात, आपट्याची पानं देतात, आणि चहा न घेता परत येतात. आपल्याला वाटायचं जुनी दोस्ती. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाले होते, "हाये आपला एक मानूस."

एकोणीसशे नव्याण्णवचा दसरा. बाबा पहाटेच ट्रॅक्टरवर फुलं घेऊन अमरावतीला निघाले होते. रस्त्यात ट्रॉलीची पिन तुटली. मागे दगड ठेवले. बाजार निघून जाईल म्हणून घाईनं पिन बसवली आणि निघाले, एक दगड मागे राहिला. उजाडायच्या वेळी भगवंतकाका सायकलवर येत होते. सायकल दगडावर गेली, ते आडवे झाले आणि मागून येणाऱ्या बैलगाडीचं चाक पायावरून गेलं. गावात कळलं तेव्हा बाबा बाजारात झेंडू मापत होते. कोणाचा दगड, कोणी कधी विचारलं नाही. बाबांनी कधी सांगितलं नाही. त्यानंतर त्यांनी दगड मोजायला सुरुवात केली.

सांगून झाल्यावर बाबा रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, अंकुर घरी येतोय, आपण त्याला सांभाळू. तर एकदम म्हणाले, "नाई. त्याले म्हना गावाकडं येऊ नको. मी गावातच होतो, पन सव्वीस वर्सं घरी आलो नाई."

खालचं त्यांनी स्वतः लिहिलं आहे.

ताई

अंकुर बेटा,
तुले मी दगड ठेवाले शिकवलं, उचलाले शिकवलं. राहून गेला तं काय कराव थे नाई शिकवलं, कावून का मलेच येत नव्हतं. तू भेला हाये. मीही भेलो होतो, अजून भेतो. भेव कमी होत नाई रे, रोज नवा होते. मी दसऱ्याले भगवंताकडं जातो. यंदा फुलं नाई नेत, खाली हातानं जातो आन सांगतो. तू त्याच सकाळी तिथल्या पोलिसाकडं जा. दोघं एकाच टाइमाले जाऊ, दहा वाजता. तू तिकडं, मी इकडं. मनजे मले बी वाटन का कोनी संगं हाये. माहे हात कापून राहिले, अक्षर समजून घे.
तुहा बाप

•

वाशी
३ ऑक्टोबर २०२५

ताई, बाबा,

मी गेलो होतो.

देवीदासचा ट्रक एक तारखेला निघाला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलोही होतो. ठाण्याच्या पुढे निळी पाटी आली, नागपूर डावीकडे. मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि उतरलो. त्यानं पाण्याची बाटली हातात दिली.

दसऱ्याला दहा वाजता पोलीस स्टेशनच्या दारात उभा होतो. जीपच्या बॉनेटवर झेंडूचे हार, आत शस्त्रपूजा चाललेली. पाय आत जाईनात. सारखं वाटत होतं, बाबाही आत्ता कोणाच्या तरी दारात असेच उभे असतील. मग गेलो. हवालदारानं मान वर न करता विचारलं, "काय हरवलं?" मी म्हटलं, दगड. मग सगळं सांगितलं, एका दमात. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "सहा आठवड्यांनी आलास?"

तो माणूस जिवंत आहे, ताई. हवालदाराला मी ते पुन्हा सांगायला लावलं. त्याचं नाव कुंदन. घरोघरी पार्सलं पोचवतो. मांडीत सळई घातली आहे, वर्षभर तरी स्कूटर नाही.

मग जागा दाखवायला जीपमधून पुलावर नेलं. पोलिसांची गाडी म्हणून थांबता आलं. कठड्याशी आपला दगड होता. गर्दीतल्या लोकांनी उचलून कडेला ठेवला असणार, आणि चुना, लाल रेघा पाहून कोणीतरी त्याला हळदकुंकू लावलं, मग माळ घातली. पुढच्यानं दुसरी घातली. दसऱ्याची ताजी माळ होती. मी ज्या माळेला मरणाची माळ समजून पंधरा दिवस मेलो, ती त्या दगडाची होती. हवालदारानं उचलायला हात पुढे केला, मग मागे घेतला आणि जोडला. मी म्हटलं, "साहेब, हा देव नाही. आमच्या धुऱ्यावरचा आहे." मीच उचलला. मांडीवर घेऊन बसलो. हातात घेतल्यावर कळलं, किती जड असतो.

गुन्हा नोंदवला आहे. लायसन्स आणि गाडी त्यांनी ठेवून घेतली. नोटिशीवर सही घेतली, बोलावतील तेव्हा जायचं, पुढे कोर्ट. काय होईल माहीत नाही, आणि मला अजूनही भीती वाटते. पण आता कशाची ते माहीत आहे.

संध्याकाळी हवालदाराकडून पत्ता घेऊन मानखुर्दला कुंदनच्या खोलीवर गेलो. तो खाटेवर होता, त्याची आई त्याचा चांगला पाय दाबत होती. मी सांगितलं, दगड माझा होता. मला वाटलं, तो दगडाबद्दल विचारेल. त्यानं एवढंच विचारलं, "लौट के आए थे, फिर रुके काहे नहीं?" मी म्हटलं, जागा होती, तरी थांबलो नाही. तो म्हणाला, "कल आना. अम्मा से अस्पताल का रास्ता नहीं होता." आज सकाळी त्याला रिक्षातून ड्रेसिंगला नेऊन आणलं. खांद्यावर त्याचं वजन घेतलं, तो एका पायावर टेकत चालला. उद्याही जायचं आहे.

मोबाईल सुरू केला आहे. पण हे सगळं मला बोलून सांगता आलं नसतं. बाबांचं काय झालं ते तूही लिहूनच कळव. मला ते ऐकायची भीती वाटते, वाचता येईल.

अंकुर

•

भातकुली
१० ऑक्टोबर २०२५

अंकुर,

तुझं पत्र बाबांनी स्वतः वाचलं, नव्या चष्म्यानं, दोनदा. "उतरला पोट्टा गाडीतून," एवढंच म्हणाले आणि कागद नीट घडी घालून खिशात ठेवला.

आता इकडचं ऐक. दसऱ्याला मीही त्यांच्यासोबत गेले होते. एकट्यानं जाववेना त्यांना. वाटेत दोनदा थांबले, एकदा म्हणाले, "पोरी, उद्या गेलं तं नाई चालत?" मी म्हटलं, तिकडे तो दारात उभा असेल. मग चालायला लागले. हात रिकामे, ते कुठे ठेवावे त्यांना कळत नव्हतं.

भगवंतकाका ओसरीत बसले होते, कुबडी भिंतीला. त्यांनी आधी बाबांच्या हातांकडे पाहिलं. म्हणाले, "आज फुलं नाई आनली, नत्थू?"

बाबा उभ्यानंच बोलले. ट्रॉली, पिन, घाई, दगड. "थो दगड माहा होता, भगवंता," म्हणाले. मला वाटलं आता शिव्या येतील, कुबडी येईल. दारात काकांची सून जाईबाई ताट घेऊन आली होती, तिनं ते खाली ठेवलं.

काका उठले. कुबडी टेकत ओसरीच्या कोपऱ्यात गेले, पिण्याच्या पाण्याचा रांजण आहे तिथे. जाईबाईला म्हणाले, "पानी काढून रांजन बाजूले घे." तिनं घेतला. खाली दगड होता, ओलसर, शेवाळलेला. काकांनी कुबडीनं तो उलटा केला. भिंतीकडच्या बाजूला चुना कुठे कुठे राहिला होता, आणि लाल रंगाच्या तीन रेघा. पुसट, पण तीन.

"दवाखान्यात जायच्या आंदी म्याच तो बैलगाडीत टाकाले लावला होता," काका म्हणाले. "तुही खून सारा बाजार ओयखते, म्या नाई ओयखाव?"

बाबा म्हणाले, "मंग सव्वीस वर्सं बोलला कावून नाई?"

"तू येशीन म्हनून थांबलो. तू दर साली येत होता. पन फुलंच घेऊन येत होता."

माफ केलं असं काका म्हणाले नाहीत, अंकुर, तुला खोटं लिहीत नाही. दगड परत द्या असं बाबांनी हात जोडून म्हटलं, तेव्हा काका म्हणाले, "नाई देत. मले पानी त्याच्यावरचंच लागते." आणि रांजण पुन्हा जागेवर ठेवायला लावला. पण मग जाईबाईला चहा टाकायला सांगितलं, आणि बाबा बसले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरचा चहा प्यायले. निम्मा शर्टावर सांडला.

घरी आल्यावर गोठ्यामागे गेले आणि आपल्या ट्रॅक्टरमध्ये असलेले तिन्ही दगड पाण्यानं धुऊन, पुन्हा रेघा ओढून वाळत ठेवले. रेघा ओढताना हात स्थिर होता.

आत्ता मी हे लिहिते आहे आणि ते बाजूला बसले आहेत. मी विचारलं, बाबा, अंकुरला तुमच्याकडून काय लिहू? नेहमीचंच लिहू का, दगड गाडीत आहेत का म्हणून? गाडी तर पोलिसांकडे आहे.

त्यांनी खिशातून तुझं पत्र काढलं, पुन्हा नीट घडी घातली. मग म्हणाले, "त्याले इचार, जेवला का?"

ताई